स्थलांतरावर चित्र काढायचंय? आधी ट्रंक उघडा

तुम्ही विचारलंय, 'दोन पिढ्यांपूर्वी आमचं घर गाव सोडून शहरात आलं. त्यावर चित्रमालिका करायची आहे, पण सगळं घासून गुळगुळीत झालेलं वाटतं. सुरुवात कुठून करू?'

मी बडोद्याचा. आजोबा 1938 साली रत्नागिरीकडून आले, बोटीने मुंबई आणि पुढे आगगाडी. फाइन आर्ट्सला असताना मीही हाच विषय घेतला होता. पहिल्या चित्रात काय असणार? गाडी, धूर, डोक्यावर गाठोडं. सरांनी एवढंच विचारलं, "यातले आजोबा कुठले?" मला सांगता येईना.

घरी आत्याला विचारलं. ती म्हणाली, "गाडीचं काय घेऊन बसलास? माळ्यावरची ट्रंक काढ."

झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटने आजोबांचं नाव, खाली 'मु. पो.' आणि गाव. गावावर काट. शेजारी 'दांडिया बाजार, बडो', आणि जागा संपली म्हणून 'दे' खालच्या ओळीत. काट कुणी मारली, आजोबांनी की आजीने, यावरून आमच्याकडे अजून वाद होतो. मी त्या काटेचीच सहा चित्रं केली.

आशा कशी दाखवायची, हे मात्र अवघड. सूर्योदय कृपा करून नको! आजी म्हणायची, "नोकरी तिकडेही मिळाली असती, पोरी शिकतील म्हणून आलो." सयाजीरावांनी 1906 सालीच सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं होतं, मुलींनासुद्धा. म्हणून मी आत्याची पाटी काढली. पाटी केव्हाच हरवली होती, तिने सांगितली तशी काढली.

जेकब लॉरेन्सची 1941 ची मालिका जरूर बघा. अमेरिकेत दक्षिणेकडून उत्तरेला गेलेल्या कृष्णवर्णीयांवर 60 छोटी चित्रं आहेत. त्याने आधी मथळे लिहिले, मग एकेक रंग घेऊन तो साठही फळ्यांवर लावत गेला. त्यामुळे मालिका एकजीव दिसते. तुम्हीही आधी घरच्यांची वाक्यं लिहून काढा, त्यांच्याच बोलीत. शुद्धलेखन सुधारू नका.

आणि चित्र पहिल्यांदा घरीच दाखवा. आत्याने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "फुटका कोपरा डावीकडचा होता रे."