अमेरिकेतील ट्रिपल क्राऊन आजवर केवळ १३ घोड्यांनाच का जिंकता आले?

आपण विचारले आहे की, अमेरिकेत दरवर्षी हजारो थरोब्रेड (शर्यतींसाठी जोपासलेल्या जातीची) शिंगरे जन्माला येत असूनही ट्रिपल क्राऊनचे, म्हणजे एकाच वर्षी ठरावीक तीन मोठ्या शर्यती जिंकण्याच्या मानाचे, मानकरी १३ च का, आणि त्यांतला सर्वश्रेष्ठ घोडा कोणता. या शर्यतींची जुनी चित्रणे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे आणि त्यावरून माझे मत असे झाले आहे की, या मालिकेत नुसत्या वेगापेक्षा दमल्यानंतर सावरण्याची ताकद अधिक कसाला लागते.

केंटकी डर्बी सव्वा मैलाची, प्रीकनेस त्याहून किंचित आखूड आणि बेलमाँट परंपरेने दीड मैलाची. या तिन्ही शर्यती रूढ वेळापत्रकानुसार पाच आठवड्यांत धावाव्या लागतात, आणि त्या फक्त तीन वर्षांच्या घोड्यांसाठी असल्यामुळे कोणत्याही घोड्याला ही संधी आयुष्यात एकदाच मिळते. इतक्या कोवळ्या वयात दीड मैल धावण्याचा अनुभव बहुतेकांच्या गाठीशी नसतो. त्यामुळे पहिल्या दोन शर्यती सहज जिंकलेला घोडा बेलमाँटच्या शेवटच्या पाव मैलात अचानक जड पावले टाकू लागतो.

या मालिकेची कल्पना इंग्लंडमधली. तेथे वेस्ट ऑस्ट्रेलियन या घोड्याने १८५३ मध्ये तीन शर्यतींचा मान प्रथम मिळवला आणि १९७० मधील निजिन्स्कीनंतर तो कोणालाही मिळालेला नाही. अमेरिकेत सर बार्टनने १९१९ मध्ये तिन्ही शर्यती जिंकल्या, तेव्हा ट्रिपल क्राऊन हे नावही तेथे रुळलेले नव्हते. डर्बीपूर्वी एकही शर्यत न जिंकलेल्या या घोड्याने डर्बी मारली आणि अवघ्या चार दिवसांनी प्रीकनेसही जिंकली. पुढे १९३० मध्ये गॅलंट फॉक्स आणि १९३५ मध्ये त्याचाच मुलगा ओमाहा विजेते ठरले. बापलेकांची अशी जोडी पुन्हा झालेली नाही.

सर्वश्रेष्ठ कोण, याबाबत माझ्या मनात किंतु नाही. १९७३ मध्ये सेक्रेटेरियटने तिन्ही शर्यतींत नोंदवलेल्या वेळा आजही विक्रम म्हणून उभ्या आहेत. डर्बीत त्याचा प्रत्येक पाव मैल आधीच्या पाव मैलापेक्षा जलद होता, म्हणजे इतर घोडे थकत असताना त्याचा वेग वाढत होता. बेलमाँटमध्ये शॅम हा प्रतिस्पर्धी सुरुवातीला त्याला खेटून धावला, पण त्या वेगाने तोच मोडून पडला आणि अखेरीस शेवटचा आला. जॉकी रॉन टर्कॉट अंतिम रेषेजवळ मान वळवून घड्याळाकडे पाहतो, तेव्हा चित्रात मागे दुसरा घोडाच दिसत नाही. अंतर होते ३१ लेंग्थ (एक लेंग्थ म्हणजे साधारण एका घोड्याची लांबी), वेळ २ मिनिटे २४ सेकंद. त्याच्यावर लावलेल्या ५,६१७ विजयी तिकिटांचे पैसे कोणी घेतलेच नाहीत. ती तिकिटे लोकांनी आठवण म्हणून जपून ठेवली.

तरीही मला सर्वाधिक हेलावून सोडते ती १९७८ ची मालिका. अफर्म्डने तिन्ही शर्यती जिंकल्या आणि तिन्ही वेळा दुसरा आला तो अ‍ॅलिडार. फरक डर्बीत दीड लेंग्थ, प्रीकनेसमध्ये मानेएवढा आणि बेलमाँटमध्ये डोक्याएवढा, म्हणजे प्रत्येक वेळी कमीच होत गेला. बेलमाँटमध्ये दोघे अर्ध्या मैलाहून अधिक अंतर खांद्याला खांदा लावून धावले. अ‍ॅलिडार इतका चिकटलेला होता की, अफर्म्डचा १८ वर्षांचा जॉकी स्टीव्ह कॉथेन याला उजव्या हाताने चाबूक चालवायला जागाच उरली नाही आणि त्याने तो डाव्या हातात घेतला. अ‍ॅलिडारचे नाव विजेत्यांच्या यादीत नाही, याची मला अजूनही चुटपुट लागते. त्याचा मुलगा अ‍ॅलिशेबा याने मात्र १९८७ मध्ये डर्बी आणि प्रीकनेस जिंकली.

अफर्म्डनंतर ३७ वर्षे कोणीच विजेता झाला नाही, आणि त्यामागे एक डावपेचही आहे. अनेक मालक डर्बीनंतर प्रीकनेस टाळून ताजातवाना घोडा थेट बेलमाँटला उतरवतात. २००४ मध्ये स्मार्टी जोन्सचा मुकुट हिरावणारा बर्डस्टोन असाच विश्रांती घेऊन आला होता. २०१५ च्या बेलमाँटमध्येही तिन्ही शर्यती धावलेला घोडा एकच होता, अमेरिकन फेरो, आणि तोच साडेपाच लेंग्थने जिंकला. २०१८ मध्ये जस्टिफाय तेरावा ठरला; त्यानंतरची जागा अजून रिकामी आहे.