आई-बाबा पहिल्यांदाच अमेरिकेला येताहेत. बाबांचा व्हिसा जुन्या, संपलेल्या पासपोर्टवर आहे. चालेल का? सोबत काय काय द्यावं?

चालेल. पासपोर्ट संपला म्हणून त्यातला व्हिसा संपत नाही. बी-१/बी-२ (म्हणजे भेटीला येणाऱ्यांच्या) व्हिसाची मुदत शिल्लक असेल आणि ते पान फाटलं-भिजलं नसेल, तर जुना आणि नवा असे दोन्ही पासपोर्ट दाखवून येता येतं. नवा व्हिसा काढायची गरज नाही. फक्त जुना पासपोर्ट चुकूनही मोठ्या बॅगेत जाऊ देऊ नका. दोन्हींना एक रबरबँड लावून हातातल्या पिशवीतच ठेवायला सांगा.

तिकिटावरचं नाव मात्र नीट तपासा. आपल्याकडे पासपोर्टात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव 'गिव्हन नेम'च्याच रकान्यात येतं. तिकीट काढताना ते गाळू नका. आईंच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल, तर व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) छापलेलं दिसेल. तसं असल्यास आधी विमान कंपनीला विचारा, मगच तिकीट काढा.

फोल्डरमध्ये परतीचं तिकीट, विम्याचा कागद, डॉक्टरांची चिठ्ठी आणि तुमचा पत्ता-फोन नंबर छापून द्या. उतरल्यावर फोनला नेट मिळेलच असं नाही, आणि पत्ता तर मुंबईत चेक-इनलाच विचारतात. औषधं मूळ पाकिटातच असू द्या. सात-बारा, एफडीच्या पावत्या वगैरे घेऊन निघणारे बरेच असतात. इमिग्रेशनला ते सहसा कोणी मागत नाही.

अधिकारी विचारतो ते साधंच असतं: कशाला आलात, कोणाकडे राहणार, किती दिवस. कृपा करून आई-बाबांना खोटी उत्तरं पढवू नका. दोघांची उत्तरं जुळली नाहीत की साधी भेटही संशयास्पद वाटायला लागते. इंग्रजी जमत नसेल तर दुभाषा मागावा, त्यात संकोच कसला?

आता सगळ्यात महत्त्वाचं. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी मुक्कामाची तारीख त्यावर नसते. ती विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि आय-९४ या नोंदीत टाकतो. बहुधा सहा महिने मिळतात. पासपोर्ट त्याआधी संपत असेल तर कमीही मिळू शकतात. विमानाने येणाऱ्यांना २०१३ पासून याचं कागदी कार्ड मिळत नाही, म्हणून पुष्कळांना ही तारीख माहीतच नसते. आई-बाबा घरी पोचले की दुसऱ्याच दिवशी सीबीपीच्या (अमेरिकेच्या कस्टम्स आणि सीमा खात्याच्या) संकेतस्थळावर दोघांचे आय-९४ वेगवेगळे काढून बघा. दोघं एकाच खिडकीवर उभे होते म्हणून तारीख एकच असेल असं धरून चालू नका. नोंदीत चूक दिसली तर सीबीपीच्या 'डिफर्ड इन्स्पेक्शन' कार्यालयात दुरुस्त करून मिळते. मुक्काम वाढवायचा असेल तर आय-५३९ अर्ज ती तारीख उलटायच्या आत गेला पाहिजे. ती उलटून राहिलं तर दहा वर्षांचा व्हिसा तिथेच बाद होतो, पुढची सगळी वर्षं शिल्लक असली तरी.

आणि आंबे, कढीपत्ता, बियाणं देऊ नका म्हणावं. बाकी खाऊ जो काही असेल तो कस्टम्सला विचारल्यावर सरळ सांगायचा. सांगितलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेल्याला दंड होतो.