ड्रेसिंग रूमचे शटर वाकले; तक्रारीची मुदत थांबत नाही

ठाण्याच्या एका वाचक भगिनीने लिहिले आहे. तिसऱ्या बेडरूमची ड्रेसिंग रूम करून घेतली, काम 14 लाख 80 हजारांचे, त्यातले 14 लाख दिलेले. कोटेशनमध्ये आयएस 710 चा बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारा) प्लाय आणि हँगिंगच्या कपाटांना 24 इंच डेप्थ लिहिली होती. आत टेप लावली तर 20 इंच भरते, त्यामुळे कोटाचे हँगर तिरके टांगावे लागतात आणि दार लागत नाही. साडेसात फुटी शटर पहिल्याच पावसाळ्यात वाकले. एलईडी पट्टीला वीज पुरवणारा ड्रायव्हर बंद खोक्यात कोंबल्याने आतले लॅमिनेट करपले. ताबा 18 ऑगस्टला घेतला आणि येत्या 18 ऑगस्टला त्याला दोन वर्षे होतील. एवढा काळ कंत्राटदार व्हॉट्सअ‍ॅपवर ‘सुतार पुढच्या आठवड्यात पाठवतो’ म्हणतो आहे. फर्निचरच्या तक्रारींची पत्रे बहुतेक याच वळणाची असतात.

ताई, तुम्ही प्लायवर तीन पाने लिहिली आहेत आणि तारखेवर एक ओळ. तुमचे प्रकरण त्या एका ओळीवर उभे आहे.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 69 नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हावी लागते. नुसत्या आश्वासनांनी आणि पत्रव्यवहाराने ही मुदत वाढत नाही. तुम्ही पाठवलेले सगळे मेसेज तुमची चिकाटी दाखवतील, पण मुदतीत त्याने एक दिवसाचीही भर पडणार नाही. शटर वाकले तेव्हाच दोष कळला, म्हणून मुदत तिथून मोजा, असा युक्तिवाद करता येतो. कंत्राटदाराने लेखी कबुली दिली असेल तर तिचाही आधार घेता येईल. उशीर माफ करण्याचा अर्जही करता येतो. पण हे सगळे पर्याय मुदत गेल्यावरचे. मुदत हातात असताना त्यांच्या भरवशावर बसणे मला मान्य नाही. कपाटाची डेप्थ तर ताब्याच्या दिवशीच टेप लावून कळली असती, हा मुद्दा समोरचा वकील पहिल्याच तारखेला मांडेल. म्हणून 18 ऑगस्टची वाट पाहू नका, जुलै संपण्याआधी तक्रार दाखल करा.

‘आधी नोटीस पाठवू, उत्तर पाहू’ असे तुम्ही म्हणता. या कायद्यात तक्रारीआधी नोटीस बंधनकारक नाही. पाठवायची तर आजच स्पीड पोस्टने आणि ईमेलवर पाठवा, पंधरा दिवसांची मुदत द्या आणि तोवर तक्रारीचा मसुदा तयार ठेवा. तुम्ही दिलेला मोबदला 50 लाखांच्या आत असल्याने तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात जाईल, आणि तुम्ही ठाण्यात राहता म्हणून ती ठाण्यातच करता येते. कंत्राटदाराचे ऑफिस कुठल्याही शहरात असो. दहा ते वीस लाखांच्या मोबदल्याला शुल्क 400 रुपये आहे. अर्ज ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या भरता येतो. बिल घराच्या पत्त्यावर आणि तुमच्या नावावर आहे ना, हे आधी पाहा. पतीच्या कंपनीच्या जीएसटी क्रमांकावर बिल करून कर परतावा घेतला असेल, तर ‘हे काम व्यावसायिक आहे’ असा आक्षेप येईल आणि उत्तर द्यायला मेहनत पडेल.

करारातल्या दोन कलमांनी तुम्ही घाबरला आहात. ‘सात दिवसांत लेखी तक्रार न केल्यास हक्क संपेल’ या पहिल्या कलमाविरुद्ध करार कायद्याच्या कलम 28 चा आधार आहे. ठरावीक काळानंतर हक्कच संपवणारी अट तेवढ्यापुरती रद्दबातल असते. वाद लवादाकडेच न्यावा या दुसऱ्या कलमामुळेही आयोगाचे दार बंद होत नाही, हे 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयात एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणातून पक्के झाले. ताबापत्रावर तुम्ही ‘काम समाधानकारक’ लिहून सही केलीत, हे मात्र टाळता आले असते. दिसणाऱ्या दोषांवर ती सही तुमच्या विरुद्ध जाईल, लपलेल्या दोषांवर कमी. किती कमी, हे आयोग ठरवेल.

आता पुरावा. ‘शटर वाकले’ एवढे लिहून भागत नाही. साडेसात फुटी सरळ अ‍ॅल्युमिनियम पट्टी शटरला लावा आणि मधली फट स्टीलच्या पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजा. आकडा वाचता येईल असा फोटो काढा. बाहेरून जाड लॅमिनेट आणि आतून नुसता रंग असेल तर दोन्ही बाजूंनी ओलावा सारखा शोषला जात नाही, त्यामुळे उंच शटर धनुष्यासारखे वळते. आतली बाजू काय आहे, तेही टिपून ठेवा. बिजागऱ्या मोजा, एवढ्या उंचीला चारपेक्षा कमी असतील तर तो स्वतंत्र दोष आहे. माळ्यावरच्या किंवा बॅक पॅनलच्या उघड्या बाजूवर प्लायचा शिक्का दिसतो का ते पाहा. आयएस 710 असेल तर आयएसआय चिन्ह आणि सीएम/एल परवाना क्रमांक हवा. आयएस 303 एमआर, म्हणजे फक्त दमटपणा सोसणारा प्लाय निघाला, तर तुमचे निम्मे काम झाले. प्लायच्या या दोन दर्जांतला फरक प्रयोगशाळेत कळतो. बीडब्ल्यूपीला 72 तास उकळत्या पाण्यात ठेवून चिकटपणा तपासतात, एमआरला 60 अंशांच्या पाण्यात तीन तास. म्हणून ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 38 खाली नमुना तपासणीची मागणी तक्रारीसोबतच करा. तपासणी होईपर्यंत दुसऱ्या सुताराला शटर उतरवू देऊ नका. पुरावा कपाटातच आहे.

व्हॉट्सअ‍ॅपचे नुसते स्क्रीनशॉट पुरेसे नाहीत. संपूर्ण संभाषण एक्स्पोर्ट करा आणि भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 चे, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे प्रमाणपत्र जोडा. मूळ फोन विकू नका, बदलूही नका. दुरुस्तीचा खर्च स्वतंत्र आर्किटेक्टकडून बाबवार लिहून घ्या. ‘अंदाजे पाच लाख’ म्हणालात तर आयोगही अंदाजेच देईल.

कायदा म्हणतो, प्रयोगशाळा लागली तर पाच महिन्यांत निकाल. प्रत्यक्षात तारखांवर वर्षे जातात. समोरच्याला उत्तर द्यायला 30 दिवस आणि फार तर आणखी 15 दिवस मिळतात, त्यापुढे एक दिवसही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्ये स्पष्ट केले. या मुदतीवर तुमच्या वकिलांनी लक्ष ठेवावे.

उरलेले 80 हजार ‘पूर्ण व अंतिम’ म्हणून देऊ नका. कंत्राटदार सुतार पाठवू लागला, तर आधी कोणते शटर, कोणता प्लाय, कोणत्या तारखेपर्यंत, हे त्याच्या सहीने लिहून घ्या. तक्रार मागे घेण्याचा विषय काम झाल्यावर. आणि तो सही करायला तयार असला, तरी दाखल करण्याची तारीख पुढे ढकलू नका.