गाडीवरच जेट बदलताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (ऐरोली) : जुन्या टू-स्ट्रोक गाडीचा मेन जेट (कार्बोरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणारा भोकाचा पितळी स्क्रू) बदलायचा आहे. त्यासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा अख्खा कार्बोरेटर उतरवावाच लागतो का?

उत्तर : कार्बोरेटर दोन्ही बाजूंना रबरी जोडांत क्लॅम्पने आवळलेला असेल, तर लागत नाही. इंजिन थंड झाल्यावर पेट्रोल कॉक बंद करावा आणि ड्रेन स्क्रू सैल करून तळाच्या वाटीतले पेट्रोल डब्यात काढून घ्यावे. दोन्ही क्लॅम्प ढिले करून कार्बोरेटर तिरपा फिरवला की वाटीचे स्क्रू हाताशी येतात. वाटी काढताना फ्लोटला (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाला) धक्का लागू देऊ नये. त्याची उंची बिघडली की कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतो आणि दोष मात्र नव्या जेटच्या माथी बसतो. काही कार्बोरेटरच्या वाटीखाली मोठा षटकोनी प्लग असतो, तिथे तर वाटीही काढावी लागत नाही. शेवटी रबरी जोड नीट बसल्याची खात्री करावी, कारण तिथून हवा शिरल्यास मिश्रण लीन होते (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन सीझ होण्यापर्यंत (अडकून बसण्यापर्यंत) पाळी येते. दोन बोल्टांनी बसवलेला कार्बोरेटर मात्र असा फिरत नाही. तो सरळ उतरवावा.

प्रश्न (ठाणे) : कापूरबावडीच्या सिग्नलला गाडी बंद पडते. मेन जेट मोठा बसवू का?

उत्तर : नको. मेन जेटचा अंमल साधारण पाऊण थ्रॉटलच्या (ॲक्सिलरेटरची मूठ पाऊण पिळल्याच्या) पुढे असतो. आयडलिंग (मूठ न पिळता इंजिन चालू राहणे) पायलट जेट या लहान जेटकडे असते, आणि ते बाहेरूनच स्क्रूने जुळवता येते. गरम इंजिनवर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत नेऊन दीड फेरा बाहेर घ्यावा आणि रेस सर्वांत चढी व स्थिर लागेल तिथे थांबावे. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा असतो आणि आत फिरवल्यास मिश्रण रिच होते (पेट्रोल जास्त). इंजिनच्या बाजूला असेल तर नेमके उलट. हा फरक न पाहता स्क्रू फिरवणारे पुष्कळ आहेत. इंजिनच्या बाजूचा स्क्रू तीन फेरे उघडूनही रेस स्थिरावत नसेल, तर पायलट जेट तुंबलेला किंवा लहान आहे असे समजावे.

प्रश्न (खारघर) : अर्ध्या थ्रॉटलला गाडी मिसिंग मारते (अडखळते), पूर्ण दिल्यावर नीट ओढते.

उत्तर : साध्या स्लाइडच्या (केबलने वर-खाली होणाऱ्या झडपेच्या) कार्बोरेटरमध्ये हे नीडलचे, म्हणजे स्लाइडमधल्या निमुळत्या सुईचे, काम आहे. थ्रॉटलच्या ग्रिपवर चिकटपट्टीने पाव, अर्धा आणि पाऊण अशा खुणा कराव्यात, म्हणजे अंदाजाने बोलावे लागत नाही. वरची टोपी उघडली की स्लाइड केबलसकट बाहेर येते. नीडलची क्लिप एक खाच खाली सरकवली की नीडल वर जाते आणि मिश्रण रिच होते. एका वेळी एकच खाच बदलून गायमुखच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पाहावे.

प्रश्न (वाशी) : जेट तारेने साफ केला तर चालेल का?

उत्तर : नाही. पितळ मऊ असते, भोक मोठे होते. कार्ब क्लीनर मारून हवेने फुंकावे. नवा जेट घेताना तो त्याच कंपनीचा घ्यावा. मिकुनी आणि केहिन या कार्बोरेटर कंपन्यांच्या जेटवरचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.