पापणीआड पू साठलाय, थांबू नका

प्रश्न : आमच्या जिन्याखाली मांजर व्यायली आहे. पिल्लं आठवडाभराची असतील. एकाचा डोळा अजून मिटलेलाच आहे, पण टम्म फुगलाय आणि कोपऱ्यातून पिवळा पू येतो. सासूबाई म्हणतात, डोळे उघडले की आपोआप बरं होईल. वाट पाहू का?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : नको ताई, आजच जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. पिल्लांचे डोळे साधारण 7 ते 14 दिवसांत उघडतात. त्याआधीच संसर्ग झाला तर पू आतच कोंडतो, बुबुळाला इजा होते आणि डोळा कायमचा जाऊ शकतो. डॉक्टर पापणी अलगद मोकळी करून डोळा धुतात, मलम देतात. दवाखान्यात जायला निघेपर्यंत उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापसाचा बोळा पिळून डोळ्यावर हलकेच धरा. पापण्या ओढू नका. घरातले माणसांचे ड्रॉप्स तर मुळीच घालू नका. बुबुळावर जखम असेल आणि त्या ड्रॉप्समध्ये स्टेरॉइड असेल तर फार नुकसान होतं. संसर्ग भावंडांनाही होतो, म्हणून सगळी पिल्लं आईसकट न्या. खोक्यात जुनी गोधडी घाला, गोदाकाठचा सकाळचा गारठा एवढ्याशा जिवांना सोसत नाही.