जिन्यात थांबणारं पोर

"मावशी, मुलगा ५ वर्षांचा आहे. १४ महिन्यांचा असताना अ‍ॅडेनोव्हायरसचा न्यूमोनिया झाला, आयसीयूत होता, तेव्हापासून छातीतली घरघर जातच नाही. आता सिटी स्कॅन बघून डॉक्टरांनी ब्रॉन्किओलायटिस ऑब्लिटरन्स सांगितलंय. सासूबाई म्हणतात मोठा झाला की दमा सुटतो. नवरा त्याला खाली खेळायलाच पाठवत नाही. जिना चढताना मध्येच कठडा धरून उभा राहतो आणि म्हणतो, आई थांब, श्वास येऊ दे. पुढे कसं होणार याचं?"

अगं, आधी एक ऐक, हा दमा नाहीये, त्यामुळे सुटायची वाट बघत बसू नकोस. दम्यात नळ्या आवळतात आणि पंप मारला की मोकळ्या होतात. याच्या फुफ्फुसातल्या एकदम बारीक नळ्यांना त्या इन्फेक्शनने जखम झाली आणि भरताना व्रण धरून काही अरुंद झाल्या, काही बुजल्या, म्हणून पंपाने तेवढा फरक पडत नाही. तुझं काही चुकलेलं नाही गं यात.

व्रण जात नाही. पण पोर वाढतं तसं फुफ्फुसही वाढतं, आणि बऱ्याच मुलांची घरघर, सारखं अ‍ॅडमिट होणं वयाबरोबर कमी होत जातं, शाळा-कॉलेज सगळं होतं. स्पायरोमेट्रीचे, म्हणजे नळीत फुंकून श्वास मोजायच्या टेस्टचे, आकडे मात्र बहुतेक कमीच राहतात, काहींना पुढे नळ्या रुंद होऊन कफ साचायचा त्रास होतो, म्हणून बरं वाटलं तरी फॉलोअप सोडायचा नाही. तो ५ वर्षांचा झालाय ना, मग ही फुंकायची टेस्ट आता जमेल, डॉक्टरांना विचार. पळताना ऑक्सिजन किती उतरतो तेही बघून घ्या, म्हणजे नवऱ्याची भीती जरा कमी होईल.

दरवर्षी फ्लूची लस, न्यूमोकोकल (न्यूमोनियाविरुद्धची) आणि गोवरची राहिली असेल तर तीही. आणि घरात धूर अजिबात नको, डासांची कॉईल नाही, धूप नाही, गॅलरीतली सिगरेट तर नाहीच नाही, यावर घरात भांडण झालं तरी चालेल.

जिन्यातलं वाचून गलबललं गं, पण शहाणं आहे तुझं पोर, कधी थांबायचं ते त्याला बरोबर कळतं. डॉक्टर हो म्हणाले की त्याला खाली ने, चेंडू दे, आणि तो थांबला की तूही थांब, "चल लवकर" म्हणू नकोस.