वाचकांचे प्रश्न : विज्ञानपटांवरचे सुमार गेम

प्रश्न : माझ्या अत्यंत आवडत्या विज्ञानपटावर आधारित एक व्हिडिओ गेम मी नुकताच शेवटपर्यंत खेळलो. गेम सुमार आहे याविषयी मला शंका नाही. शत्रू बावळटासारखे समोर येऊन उभे राहतात, त्याच त्या खोल्या पुन्हा पुन्हा लागतात आणि संवाद कंटाळवाणे आहेत. असे असूनही तो मधेच सोडून द्यावा असे वाटले नाही. हा केवळ चित्रपटावरच्या प्रेमाचा परिणाम समजावा, की अशा गेममध्ये खरोखरच काही असते?

उत्तर : प्रेमाचा वाटा आहेच, पण निव्वळ प्रेमच असते तर आपण पहिल्या तासाभरातच वैतागला असता, कारण आवडत्या चित्रपटाची हेळसांड सर्वांत आधी चाहत्यालाच झोंबते. आपल्याला धरून ठेवणारी गोष्ट बहुधा वेगळी आहे. चित्रपटात कॅमेरा जेवढे दाखवील तेवढेच जग आपल्या वाट्याला येते. भिंतीपलीकडे काय आहे ते मान वळवून पाहण्याची सोय प्रेक्षकाला नसते. गेम कितीही सुमार असला तरी ही सोय तो देतो, आणि ज्या जगाविषयी चित्रपटाने कुतूहल जागवून ठेवले आहे त्या जगात नुसते हिंडणेही मग पुरेसे वाटू लागते.

याचे चांगले उदाहरण म्हणजे 2019 साली आलेला ‘टर्मिनेटर: रेझिस्टन्स’. 1984 च्या मूळ चित्रपटात माणसे आणि यंत्रे यांच्यातले भविष्यातले युद्ध अवघी काही मिनिटे दिसते आणि बाकीची कथा वर्तमानातल्या लॉस एंजेलिसमध्ये घडते. तेयॉन या पोलिश स्टुडिओने नेमकी ती काही मिनिटे उचलली आणि त्यांच्यावर संपूर्ण गेम उभा केला. समीक्षकांनी त्याला बेताचेच गुण दिले, खेळणाऱ्यांनी मात्र त्याचे बरेच आपुलकीने स्वागत केले; आणि माझ्या मते दोघेही बरोबर होते. कुलपे उघडणे, भंगार गोळा करून त्यातून साहित्य बनवणे, गुण साठवून कौशल्ये वाढवणे ही सगळी सामग्री इतर गेममधून उसनी आणलेली आहे, आणि समीक्षकाने ते सांगायलाच हवे. पण सुरुवातीच्या भागात साध्या बंदुकीच्या गोळ्यांचा टी-800 या माणसाच्या आकाराच्या मारेकरी यंत्रावर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. त्यामुळे तो दिसला की लपायचे, पडक्या भिंतीच्या आडोशाने सरकायचे आणि तो निघून जाण्याची वाट पाहायची, एवढेच हाती उरते. हे यंत्र थांबत नाही आणि त्याच्याशी तडजोड होऊ शकत नाही, हा चित्रपटाचा मूळ नियम त्या वेळी आपण पाहत नसतो, तो आपल्यावर लागू झालेला असतो.

पुढे प्लाझ्मा रायफल हाती येते, तेच टी-800 भराभर कोसळू लागतात आणि गेम इतर शंभर नेमबाजीच्या गेमसारखा होऊन जातो. आपल्या गेममध्येही अशी एखादी जागा असेल, जिच्यापर्यंत आपण सावध होता आणि जिच्यानंतर फक्त बटणे दाबत राहिलात. ती आठवून पाहावी. ग्राफिक्स जुनाट असणे किंवा संवाद भिकार असणे खपवून घेता येते, पण चित्रपटाचा नियम मोडला की त्या जगाची भीतीही जाते आणि नवलही.

शत्रूंच्या बावळटपणाविषयी एक गमतीशीर गोष्ट सांगण्यासारखी आहे. 2013 च्या ‘एलियन्स: कलोनियल मरीन्स’मधले परग्रहजीव इतके निर्बुद्ध वागत की त्यांची सर्वत्र टिंगल झाली. पाच वर्षांनी, म्हणजे 2018 मध्ये, गेमच्या सेटिंगच्या फाइलमधल्या एका ओळीत एक अक्षर जास्तीचे पडलेले आहे आणि ते काढून टाकले की हे जीव बऱ्यापैकी शहाण्यासारखे वागू लागतात, हे लोकांच्या लक्षात आले. गेम तेवढ्याने उत्तम झाला नाही, हेही खरे. उलट 2014 च्या ‘एलियन: आयसोलेशन’मध्ये गेमच्या बहुतेक भागात एकच परग्रहजीव पाठीस लागतो आणि तो मारता येत नाही. यंत्रणेच्या एका भागाला खेळणारा कुठे आहे हे ठाऊक असते, पण तो भाग त्या जीवाला केवळ अंदाजाने दिशा सुचवतो. प्रत्यक्ष शोध त्या जीवाला स्वतःच्या डोळ्यांनी आणि कानांनी घ्यावा लागतो. त्यामुळे तो सतत आसपास राहतो, तरी फसवणूक झाल्यासारखे वाटत नाही.

प्रश्न : चित्रपटासाठी एवढा पैसा ओतला जातो, मग त्यावरचे गेम इतके सामान्य का निघतात? गेम बनवणाऱ्यांना चित्रपट कळत नाही का?

उत्तर : कळतो, वेळ मिळत नाही. चित्रपटाच्या प्रदर्शनाची तारीख आधी ठरते आणि गेमने ती गाठायची असते. सर्वांत कुप्रसिद्ध दाखला 1982 चा आहे. ‘ई.टी.’ हा चित्रपट जूनमध्ये प्रदर्शित झाला, हक्कांची बोलणी उन्हाळ्यात लांबली आणि नाताळच्या बाजारात गेम हवाच होता, म्हणून हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ या एकट्या रचनाकाराला अटारी 2600 या घरगुती गेमयंत्रासाठी तो सुमारे पाच आठवड्यांत पुरा करावा लागला. खपाच्या अपेक्षा फोल ठरल्यावर 1983 मध्ये न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथे इतर मालाबरोबर त्याचीही कार्ट्रिजे, म्हणजे गेम साठवलेल्या डब्या, पुरण्यात आली, आणि 2014 मध्ये ती खणून काढली गेली. अमेरिकेतला गेमचा बाजार त्या सुमारास कोसळला त्याचे खापर या एका गेमवर फोडले जाते ते मला अन्यायाचे वाटते. बाजारात सुमार मालाचा पूर आधीच आला होता.

चित्रपटकर्त्यांनी स्वतः लक्ष घातले म्हणजे प्रश्न सुटतो असेही नाही. 2003 च्या ‘एंटर द मेट्रिक्स’साठी मूळ चित्रपटाचे दिग्दर्शक असलेल्या वाचोव्स्की भावंडांनी स्वतः लेखन केले आणि सुमारे तासाभराचे नवे चित्रीकरणही केले. गेम ‘द मेट्रिक्स रीलोडेड’सोबतच बाजारात आला, लाखो प्रतींनी खपला, आणि तरीही कच्चा व चुकांनी भरलेला होता. तारखेपुढे त्यांचेही काही चालले नाही.

दुसरी अडचण कथेची. दोन तासांची, सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट दहा तासांवर ताणायची आणि तिचा शेवटही बदलायचा नाही, असे बंधन घातल्यावर मधली जागा बोळ आणि गोळीबार यांनीच भरली जाणार. ज्यांनी हे बंधन नाकारले त्यांचे काम टिकले. 1997 चा ‘ब्लेड रनर’ हा गेम मूळ चित्रपटानंतर पंधरा वर्षांनी आला. त्यात त्याच शहरातला दुसराच तपास अधिकारी आहे आणि काही पात्रे माणसे आहेत की कृत्रिम मानव, हे प्रत्येक वेळी नव्याने ठरते. 2004 मध्ये विज्ञानपटांतल्या रिडिक या पात्रावरचा जो गेम आला त्यानेही चित्रपटाची कथा न घेता आधीच्या काळातली तुरुंगातून सुटण्याची स्वतंत्र कथा रचली, आणि त्याच वर्षीच्या चित्रपटापेक्षा गेमचेच कौतुक अधिक झाले.

प्रश्न : असा गेम आल्याबरोबर घ्यावा की थांबावे? आणि आधी चित्रपट पाहावा की गेम खेळावा?

उत्तर : चित्रपट आधी पाहावा. सुमार गेमला स्वतःचे वातावरण फारसे नसते. तो आपल्या आठवणीच्या आधारावर चालतो, आणि ती आठवणच नसेल तर उरतात त्या फक्त त्याच त्या खोल्या.

थांबणे बहुधा फायद्याचे ठरते, कारण पहिल्या काही महिन्यांत सुधारणा येतात आणि किंमतही उतरते. मात्र फार थांबू नये. चित्रपटाच्या हक्कांचा परवाना ठरावीक मुदतीचा असतो. तो संपला की गेम ऑनलाइन दुकानांतून काढून घेतला जाऊ शकतो आणि नव्याने विकत घेता येत नाही. ज्यांनी आधी घेतला आहे त्यांना तो सहसा पुन्हा उतरवून घेता येतो. डिस्कवर मिळत असेल तर डिस्क घ्यावी.